गाणाऱ्या नटांचे देणे

८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘मानापमान’चा एक प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी झाले होते आणि केशवराव भोसले धैर्यधर. एक गंधर्व नाटक मंडळीचे सर्वस्व, दुसरे ललितकलादर्शचे. दोघांच्याही गळ्यावर जीव टाकणारे प्रेक्षक वेगवेगळे होते आणि त्यांच्यात चुरस होती. या दोघांना एका रंगमंचावर आणले ते टिळक स्वराज्य फंडाने. लोकमान्यांना जाऊन वर्ष भरत आले होते, देशभर एक कोटीचा निधी उभा करण्याची हाक काँग्रेसने दिली होती. तिकिटांचे दर नेहमीपेक्षा कितीतरी चढे असूनही थिएटर भरून वाहिले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबरला, केशवराव वयाच्या ३१ व्या वर्षी गेले.

‘संयुक्त मानापमान’ची आठवण निघते ती दोन गळ्यांच्या सामन्यासाठी. पण त्या रात्रीला दुसरी बाजूही आहे. लोकप्रियतेच्या शिखरावर असलेल्या गायक-नटांनी आपली एक रात्र सार्वजनिक कामासाठी दिली आणि लोकांनी त्या कामासाठी खिसा मोकळा केला. गाणे, अभिनय आणि देणगी यांची ही सांगड महाराष्ट्रात, विशेषतः पुण्याच्या सांस्कृतिक जीवनात, शंभर वर्षांहून अधिक काळ चालत आली आहे. ज्याचे गाणे घराघरांत जाते त्यालाच आपण रंगमंचावर, पडद्यावर पाहू इच्छितो आणि अडीअडचणीला मदतही त्याच्याकडेच मागतो. या परंपरेतून समाजाला काय मिळाले, त्यातले काय टिकले आणि गाणाऱ्याच्या पदरात शेवटी काय पडले, याचा हा आढावा.

नाटक मंडळ्यांचा काळ

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि मराठी माणसाच्या करमणुकीचा साचाच बदलला. सूत्रधाराने एकट्याने गाण्याची पद्धत मागे पडून प्रत्येक पात्र आपले पद आपण गाऊ लागले. नटाला गळा असणे ही अट झाली. भाऊराव कोल्हटकरांसारखा गायक-नट त्या काळाचा खरा लोकप्रिय तारा होता. ग्रामोफोन घरोघर पोचण्याआधी लोकांच्या ओठांवर गाणी आणण्याचे काम नाट्यपदांनीच केले.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. लहानपणी पुण्यात त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘बालगंधर्व’ म्हटले, असे सांगितले जाते. राजर्षी शाहू महाराजांच्या आधाराने ते १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले. १२ मार्च १९११ ला ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी वारली. प्रयोग रद्द झाला नाही. १९१३ मध्ये गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. भास्करबुवा बखल्यांच्या चालींवरचे ‘स्वयंवर’, गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर रंगभूमीवर आलेले ‘एकच प्याला’ यांनी त्यांना जे स्थान दिले, त्याला आजच्या भाषेत महाराष्ट्राचा पहिला ‘स्टार’ म्हणावे लागेल. त्यांच्या भूमिकांमधली लुगडी नेसण्याची, केसांत फुले माळण्याची तऱ्हा घराघरांतल्या स्त्रियांनी उचलली.

पण याच बालगंधर्वांच्या मंडळीवर कर्ज होते. उंची वस्त्रे, अत्तर, भरजरी नेपथ्य आणि मंडळीतल्या माणसांचा सांभाळ यांत पैसा पाण्यासारखा जाई. उत्पन्न मोठे आणि खर्च त्याहून मोठा, हे गणित त्यांना कधी जमले नाही. स्वराज्य फंडासाठी रात्र देणारा हा माणूस स्वतःच्या देण्यांसाठी वर्षानुवर्षे प्रयोग करत राहिला. त्याच्या औदार्याबद्दल शंका नाही. पण त्या औदार्यामागे त्याच्या हिताचा हिशेब ठेवणारी व्यवस्था नव्हती.

त्या काळात संस्था उभ्याच राहिल्या नाहीत असे नाही. भास्करबुवांनी १९११ मध्ये पुण्यात भारत गायन समाज स्थापन केला आणि तो आजही गाणे शिकवतो. हिराबाई बडोदेकरांच्या कुटुंबाने नूतन संगीत विद्यालय काढले, त्याच्या नाट्यशाखेतून हिराबाई स्वतः रंगभूमीवर उभ्या राहिल्या. कुलीन समजल्या जाणाऱ्या घरातील स्त्रियांनी गाणे शिकणे लांछनाचे मानले जाई, त्या काळात त्यांनी तिकीट लावून बैठकीचे जाहीर कार्यक्रम केले. पुढच्या गायिकांसाठी त्यांनी मोकळी केलेली ही वाट कोणत्याही फंडातील रकमेत मोजता येणारी नाही.

प्रभातचा पडदा

१९३३ मध्ये प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्यात आली आणि गायक-नटाला नवे घर मिळाले. १९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये विष्णुपंत पागनीस हे गायक-नट तुकाराम झाले आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्या चित्रपटाची दखल घेतली गेली. बालगंधर्वांनाही प्रभातने बोलावले. १९३५ च्या ‘धर्मात्मा’त ते एकनाथ झाले. चित्रपटाचे नाव आधी ‘महात्मा’ होते, पण गांधीजींशी जोडले जाईल म्हणून सेन्सॉरच्या आक्षेपानंतर ते बदलावे लागले. एकाच पदाला दहा वेळा ‘वन्स मोअर’ घेणाऱ्या गायकाला कॅमेऱ्यापुढचे तुकड्यातुकड्यांचे काम मानवले नाही. प्रभातशी त्यांचे नाते त्या एका चित्रपटावर थांबले.

पडदा ज्यांना मानवला त्यांत शांता आपटे ठळक. ‘अमृतमंथन’ आणि ‘कुंकू’ या चित्रपटांनी त्यांना देशभर नेले. त्यांचे मोठेपण गाण्या-अभिनयापुरते नव्हते. १९३९ मध्ये करारावरून वाद झाला तेव्हा त्या प्रभातच्या फाटकापाशी उपोषणाला बसल्या आणि नंतर ‘जाऊ मी सिनेमात?’ या पुस्तकात या धंद्यातील पिळवणूक त्यांनी उघड मांडली. कलावंताने समाजाला काय द्यावे यावर आपण पुष्कळ बोलतो. कलावंताचे समाजाकडून, मालकाकडून येणे काय आहे, हा प्रश्न पुण्यातल्या एका गायिका-अभिनेत्रीने तेव्हाच विचारला होता.

मंगेशकर: वडिलांच्या आठवणीतून रुग्णालय

मास्टर दीनानाथ मंगेशकर यांनी १९१८ मध्ये बळवंत संगीत नाटक मंडळी काढली. बोलपट आले, मंडळीचे दिवस फिरले, चित्रपट काढण्याचा प्रयत्न अंगाशी आला. २४ एप्रिल १९४२ रोजी ते पुण्यात वारले, तेव्हा वय ४१ होते आणि थोरली मुलगी लता १२ वर्षांची. घर चालवण्यासाठी तिने जे पहिले काम हाती घेतले ते अभिनयाचे. ‘पहिली मंगळागौर’, ‘माझं बाळ’, ‘गजाभाऊ’, ‘बडी माँ’ अशा चित्रपटांत तिने लहानसहान भूमिका केल्या. मास्टर विनायकांनी या कुटुंबाला हात दिला. तोंडाला रंग लावणे लताबाईंना कधीच आवडले नाही, पण त्या कामानेच घराला पहिला आधार दिला.

पुढे त्यांचा आवाज देशाच्या अनेक मदतकार्यांत ऐकू येतो. २७ जानेवारी १९६३ रोजी, चीन युद्धानंतर, दिल्लीतील निधी संकलनाच्या कार्यक्रमात पंडित नेहरूंसमोर त्या गायल्या. १९८३ मध्ये क्रिकेटचा विश्वचषक जिंकला तेव्हा नियामक मंडळाकडे खेळाडूंना बक्षीस देण्याइतके पैसे नव्हते. लताबाईंनी दिल्लीत कार्यक्रम केला आणि प्रत्येक खेळाडूला १ लाख रुपये देता आले.

पुण्याच्या दृष्टीने मोठे काम वेगळे. १९८९ मध्ये लता मंगेशकर मेडिकल फाउंडेशनची स्थापना झाली आणि २००१ मध्ये एरंडवण्यात दीनानाथ मंगेशकर रुग्णालय सुरू झाले. एका रात्रीच्या कार्यक्रमातून एका वेळची गरज भागते. रुग्णालयाने वर्षानुवर्षे हजारो घरांचे दुखणे अंगावर घेतले.

संस्था मोठी झाली की तिच्याकडून अपेक्षाही मोठ्या होतात. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्यात, ही योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मार्गी लावली. एप्रिल २०२५ मध्ये एका गर्भवती महिलेच्या मृत्यूनंतर अनामत रकमेच्या मागणीवरून याच रुग्णालयाविषयी संतापाची लाट उसळली, शासनाने चौकशी लावली आणि रुग्णालयाने तातडीच्या रुग्णांकडून अनामत न घेण्याचा निर्णय जाहीर केला. त्या प्रकरणातून एक गोष्ट स्पष्ट झाली. ज्या कलावंताच्या नावाने संस्था उभी राहते, त्या नावाची पुण्याई दर दिवशी नव्याने कमवावी लागते. दात्याचा हेतू कितीही निर्मळ असो, प्रवेशाच्या खिडकीवर बसलेल्या माणसाच्या वागण्यातूनच तो रुग्णापर्यंत पोचतो.

पुलंची रीत

पु. ल. देशपांडे यांना गायक म्हणून आज कुणी आधी आठवणार नाही. पण ते पेटीवर बसत, भावगीते गात, चित्रपटांत अभिनय करत. १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’त लेखन, दिग्दर्शन, संगीत आणि मुख्य भूमिका त्यांचीच होती. ‘बटाट्याची चाळ’सारख्या एकपात्री प्रयोगांनी त्यांना जे मिळवून दिले, त्यातला मोठा वाटा पु. ल. देशपांडे फाउंडेशनमार्फत समाजाकडे परत गेला.

त्यांच्या देण्याचा सर्वात बोलका दाखला पुण्यातच आहे. गर्दच्या व्यसनावर डॉ. अनिल अवचटांनी लिहिलेले लेख वाचून पुलं आणि त्यांच्या पत्नी सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि व्यसनमुक्ती केंद्रासाठी त्यांनी १ लाख रुपये देऊ केले. येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ सुरू झाले. डॉ. सुनंदा ऊर्फ अनिता अवचट यांनी ते उभे केले. पैसा पुलंचा होता, काम दुसऱ्यांचे होते, आणि केंद्रावर नाव पुलंचे नव्हते. पुढे आयुका या खगोलविज्ञान संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रालाही फाउंडेशनने मदत केली.

या रीतीत तीन गोष्टी नीट दिसतात. आधी कामाची गरज समजून घेतली गेली. ते काम ज्याला येते अशा माणसाच्या हाती पैसा दिला गेला. आणि दिल्यावर दाता बाजूला झाला. मराठी कलावंतांच्या दातृत्वात याहून चांगला नमुना मला दिसत नाही.

याच सुमारास सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आदी मंडळींनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव केले आणि त्यातून पूर्णवेळ सामाजिक कार्यकर्त्यांना दरमहा मानधन देण्याची सोय झाली. हे गायक नव्हेत, पण ‘मदतीचा प्रयोग’ या जुन्या रीतीला त्यांनी कायमच्या निधीचे रूप दिले म्हणून त्यांची नोंद इथे हवी. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात निळूभाऊंची जडणघडण झाली होती. गाणे, नाट्य आणि चळवळ ही तिथे एकाच कामाची अंगे होती.

फडाची दुसरी बाजू

पुणे जिल्ह्यातले नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेची सुपारी द्यायला येतात. गण, गवळण, बतावणी, वग असा सगळा पसारा पेलणाऱ्या तमासगिराला गाणे, नाच आणि अभिनय तिन्ही यावे लागते. गावच्या शाळेच्या खोल्यांसाठी, देवळाच्या जीर्णोद्धारासाठी फडाने खेळ द्यावा ही ग्रामीण महाराष्ट्रात नित्याची गोष्ट राहिली आहे.

या परंपरेचे शिखर म्हणजे विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. खेळ चालू असताना त्या पडद्यामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यांना १९५७ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभला. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या, त्या आधीच्या आजारपणात उपचारांचा खर्च चाहत्यांच्या मदतीतून भागवावा लागला. शासन आज त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते. ज्या गळ्याने हजारो रात्री जागवल्या, त्या गळ्याला औषधासाठी वर्गणी लागावी, याची जबाबदारी आपल्या सगळ्यांवर आहे.

बालगंधर्वांचा शेवटही फार वेगळा नव्हता. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार, १९६४ मध्ये पद्मभूषण, आणि त्याच काळात पाय लुळे पडलेले, जवळ पैसा नाही. ८ ऑक्टोबर १९६२ रोजी पुण्यात त्यांच्याच नावाच्या रंगमंदिराचे भूमिपूजन त्यांच्या हस्ते झाले. १५ जुलै १९६७ ला ते गेले आणि २६ जून १९६८ ला, त्यांच्या जयंतीदिनी, रंगमंदिर खुले झाले. शहराने त्यांना वास्तू दिली, ती योग्यच होती. म्हातारपणाचा निश्चिंत घास मात्र आधी मिळायला हवा होता.

आजचे पुणे

डॉ. वसंतराव देशपांडे यांनी पुण्यात लष्कराच्या लेखा खात्यात वर्षानुवर्षे नोकरी केली आणि ‘कट्यार काळजात घुसली’तल्या खाँसाहेबांच्या भूमिकेने १९६७ मध्ये त्यांना घराघरांत नेले. त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी ते नाटक २०१० मध्ये पुन्हा उभे केले आणि ‘मी वसंतराव’ या चित्रपटात आजोबांची भूमिका केली. त्यातल्या गायनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जयराम आणि जयमाला शिलेदारांची ‘मराठी रंगभूमी’ ही पुण्यातली संस्था संगीत नाटकांच्या पडत्या काळात, पुढे कीर्ती शिलेदारांच्या जोरावर, तग धरून राहिली. कलेचीच सेवा करणे हेही सार्वजनिक दान आहे, आणि ते मोजायला आपण विसरतो.

नव्या पिढीत ‘लिटिल चॅम्प्स’मधून घराघरांत पोचलेली आर्या आंबेकर २०१७ मध्ये ‘ती सध्या काय करते’मधून पडद्यावर आली. केतकी माटेगावकरने ‘शाळा’, ‘काकस्पर्श’, ‘टाइमपास’ अशा चित्रपटांत अभिनय आणि गायन दोन्ही केले. संदीप खरे यांच्यासोबत २००३ पासून ‘आयुष्यावर बोलू काही’ करणारे सलील कुलकर्णी पुढे दिग्दर्शक झाले. गायक-नटाची ही जात संपलेली नाही. बदललेय ते तिचे अर्थकारण. कंपनीचा मालक गेला, वाहिनीचा करार, कार्यक्रमाचे मानधन आणि यूट्यूबवरचे उत्पन्न आले. मंडळी सांभाळण्याची जबाबदारी नसल्यामुळे आजचा गायक बालगंधर्वांसारखा कर्जात बुडत नाही. पण त्याच्यामागे उभ्या असलेल्या वादकांची, ध्वनी-प्रकाशवाल्यांची, रंगमंच कामगारांची जबाबदारी कुणाचीच उरलेली नाही.

करोनाने हे उघड केले. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहांना कुलपे लागली आणि अधूनमधूनची अर्धी सूट वगळता ती खऱ्या अर्थाने उघडली २२ ऑक्टोबर २०२१ ला. ‘नाइट’वर पोट असलेली माणसे घरी बसली. तेव्हा प्रशांत दामले या गाणाऱ्या नटाने आपल्या नाटकांच्या पडद्यामागच्या कामगारांना पदरचे पैसे दिले. ६ नोव्हेंबर २०२२ रोजी १२ हजार ५०० वा प्रयोग करणारा नट आपली लोकप्रियता कुणाच्या खांद्यावर उभी आहे हे जाणतो, याचे ते लक्षण होते. पुण्याबाहेर पाहायचे तर इंदूरची गायिका पलक मुच्छल लहानपणापासून कार्यक्रमांचे पैसे मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांसाठी देते. तिच्या मदतीने शस्त्रक्रिया झालेल्या मुलांची संख्या ३ हजारांवर गेली आहे. एकच काम धरून वर्षानुवर्षे ते करत राहिल्याने हा आकडा उभा राहिला.

तीन कसोट्या

या सगळ्यावरून गायक-नटांच्या दातृत्वाला लावण्याजोग्या तीन कसोट्या मला दिसतात.

पहिली हिशेबाची. १ ऑगस्ट १९७१ रोजी पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी कार्यक्रम केला. दोन खेळांतून सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफकडे गेले. पण ध्वनिमुद्रिकांचा त्याहून मोठा पैसा कराच्या वादात वर्षानुवर्षे अडकला, कारण धर्मादाय कार्यक्रम म्हणून त्याची कायदेशीर आखणी आधी झाली नव्हती. हेतू जगातला सर्वात शुद्ध असला तरी कागद आधी लागतो.

दुसरी सातत्याची. संयुक्त मानापमान थोर होता, पण तो एका रात्रीचा. मुक्तांगण चाळीस वर्षे होत आली तरी माणसे घरी परत पाठवत आहे. मदतीचा प्रयोग ही सुरुवात मानली तरच तिला अर्थ आहे.

तिसरी कलावंताच्या स्वतःच्या आधाराची. राज्य शासन आज ज्येष्ठ साहित्यिक आणि कलाकारांना दरमहा ५ हजार रुपये मानधन देते. आधीपेक्षा रक्कम वाढली हे चांगलेच, पण औषधांच्या आजच्या किमतींपुढे ती तुटपुंजी आहे. नाट्य परिषद, वाहिन्या आणि कार्यक्रमांचे आयोजक यांनी मिळून कलावंत आणि रंगमंच कामगारांसाठी आरोग्य विमा आणि भविष्य निर्वाहाची कायमची सोय केल्याशिवाय विठाबाईंचे दुःख पुन्हा घडत राहील.

पहिल्या कसोटीवर आपण मध्यम उतरतो, दुसरीवर मोजक्या संस्थांच्या बळावर चांगले, तिसरीवर नापास. मराठी गायक-नटांनी समाजाला जितके दिले, त्याच्या मानाने समाजाने त्यांच्या उतारवयाची काळजी घेतलेली नाही, हा माझा निष्कर्ष आहे.

वाचकांकडे दोन मागण्या आहेत. मदतीच्या कार्यक्रमाचे तिकीट घेताना पैसा कोणत्या नोंदणीकृत संस्थेकडे जाणार आणि त्याचा हिशेब कुठे पाहायला मिळेल, हे आयोजकांना विचारा. प्रामाणिक आयोजकाला या प्रश्नाचा राग येत नाही. आणि आपल्या गावातल्या एखाद्या वयस्क गायकाला, तमासगिराला, ऑर्गनवाल्याला शासनाच्या मानधनासाठी अर्ज भरायला मदत करा. त्यासाठी लागतील फक्त चार कागद आणि अर्धा दिवस.